वरच्या घरातला एक शेअर

आमच्या पाड्यावर मूल ज्या वारी जन्मलं त्या वारावरून त्याचं नाव ठेवायची पद्धत होती. माझ्या पिढीत ती मोडली. आमची नावं टीव्हीतून आली. पण बाबांच्या पिढीपर्यंत वार सात, म्हणून नावंही साधारण सातच. त्यामुळे तलासरीजवळच्या झरी गावातल्या आमच्या पाड्यावर बाबांच्या नावाची तीन माणसं होती, आणि त्यांतल्या एकाच्या वडिलांचा वारसुद्धा माझ्या आजोबांच्या वाराशी जुळला होता. आडनाव तर सगळ्या पाड्याचं एकच. म्हणजे बाबांचं आणि त्या काकांचं पूर्ण नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सारखं. पाड्यावर त्याची अडचण कधी झाली नाही. आमचं घर चढावर, त्यांचं उतारावर, म्हणून बाबा 'वरचा' आणि काका 'खालचा'.

वार पक्का असायचा, तारीख मात्र कोणाच्या लक्षात नसायची. दोघांना एकाच दिवशी शाळेत नेऊन बसवलं, तेव्हा गुरुजींनी दोघांनाही एक जून ही जन्मतारीख देऊन टाकली. सालही एकच. आमच्याकडे त्या वयाच्या बहुतेकांचा जन्म एक जूनचा आहे. कोणी वाढदिवस करायचं ठरवलं तर पाडाच्या पाडा जेवायला बसेल आणि वाढायला कोणी उरणार नाही. बाबा चौथीपर्यंत शिकले, सही करायला शिकले. काका आठवड्याभरात शाळेतून पळून आले. येताना एक जून तेवढा घेऊन आले.

हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण पुढे एका ऑनलाइन ब्रोकरच्या माणसांना हे मला इतक्या वेळा सांगावं लागलं, की शेवटी शेवटी माझं मलाच ते खोटं वाटू लागलं होतं.

२०१७ साली मी डहाणूच्या कॉलेजात कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, म्हणून सर जे सांगतील ते मी जरा जास्तच मनावर घ्यायचे. सरांनी शेअर बाजारावर प्रकल्प दिला: एक कंपनी निवडा आणि सहा महिने तिच्या शेअरचा भाव लिहून ठेवा. बाकीच्यांनी वर्तमानपत्रातून भाव उतरवले. मला वाटलं, शेअर न घेता भाव लिहायचा म्हणजे न चाखता भाजी कशी झाली ते सांगण्यासारखं आहे. त्याच आठवड्यात कॉलेजच्या जिन्याखाली एका ब्रोकर कंपनीचा माणूस टेबल मांडून बसला होता. खातं उघडायला पॅन कार्ड लागत होतं. माझ्याकडे नव्हतं, बाबांकडे होतं. मी बाबांच्या नावाने फॉर्म आणला.

"कुठल्या कंपनीचा घ्यायचा?" मी विचारलं.

बाबा घोलवडकडच्या एका चिकूच्या वाडीत कामाला होते. लांब बांबूच्या टोकाला जाळी लावलेली बेडणी घेऊन चिकू उतरवायचे आणि क्रेटमध्ये भरून क्रेट गाडीपर्यंत न्यायचे, हे त्यांचं काम. प्लॅस्टिकच्या त्या क्रेटवर कंपनीचं नाव उठावदार अक्षरांत उमटवलेलं असायचं. बाबांनी क्षणभरही विचार न करता तेच नाव सांगितलं.

"ती कंपनी खरी हाय," ते म्हणाले. "वीस वर्सं मी ती उचलतोय."

मी बाजाराच्या यादीत नाव शोधलं. कंपनी खरंच होती. तिची कचेरी वापीजवळ, म्हणजे आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. आम्ही एक शेअर घेतला.

ही बातमी उतारावर पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच शनिवारी काका अंगणात येऊन बसले. "वरच्याने एक घेतला ना? मग माझे दोन कर." काकांचंही खातं उघडलं. काकांनी अंगठा लावला, बाबांनी आधी सही केली होती, एवढाच दोन फॉर्ममधला फरक. मोबाइल नंबर दोन्हीकडे माझाच घातला, कारण त्या दोघांकडे फोन नव्हता. जिन्याखालच्या माणसाने विचारलं, "फॅमिली ना?" मी हो म्हणाले. आमच्याकडे ते खोटंही नव्हतं.

प्रकल्प झाला, मार्क मिळाले. मी तो शेअर विसरूनही गेले असते, पण बाबा विसरले नाहीत. दर शनिवारी मी घरी आले की ते हातपाय धुऊन माझ्याबरोबर आश्रमशाळेच्या भिंतीजवळ येऊन बसायचे. मी फोनवर खातं उघडून दाखवायचे. भावाकडे त्यांचं लक्ष नसायचं. नावापुढे 'एक' हा आकडा आहे की नाही एवढंच ते बघायचे.

"हाय?"

"आहे."

"बरं."

पुढच्या वर्षी, २०१८ च्या पावसाळ्यात, लावणी उरकल्यावर बाबांच्या नावाने टपालाने एक जाड पुस्तक आलं. कंपनीचा वार्षिक अहवाल. बाबांना त्याआधी कधीच टपाल आलेलं नव्हतं. वर छापलेलं 'श्री' पाहून त्यांनी पोस्टमनला चहा पाजला. आत वार्षिक सभेचं बोलावणं होतं. मी ते वाचून सांगत होते: अमुक तारखेला ज्यांच्या खात्यात शेअर असेल ते सर्व सभासद सभेला येऊ शकतात, प्रश्न विचारू शकतात.

"काय पण विचारता येतं?" बाबांनी विचारलं.

"कंपनीच्या कामाबद्दल."

बाबांनी उजव्या हाताची बोटं पसरून माझ्यापुढे धरली. मधल्या सांध्याच्या खाली चारही बोटांवर आडवी, काळपट रेघ होती. ती रेघ मी लहानपणापासून पाहत आले होते. मला वाटायचं बाबांचे हातच तसे आहेत. क्रेट उचलायला दोन्ही बाजूंना जी फट असते, तिची कड धारदार होती. भरलेला क्रेट वीस किलोचा. दिवसभर ती कड बोटांत रुतायची. थंडीत तर कातडी फाटायची.

"हे सांगायचं हाय," बाबा म्हणाले. "ज्याने बनवलं त्यालाच सांगायचं. त्याला कुठं ठाऊक असंल? तो कुठं उचलतो?"

त्यांनी ते वाक्य बरेच दिवस तयार ठेवलेलं असावं. ऐकणारा मिळाला नव्हता एवढंच. त्या दिवसापासून सभेची तारीख आमच्या घरात सणासारखी मोजली जाऊ लागली.

आता काकांकडे येते. आमच्या पाड्यावर तेव्हा मोबाइलला नेटवर्क एकाच ठिकाणी यायचं, आश्रमशाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर. तेही कधी महाराष्ट्राचं, कधी गुजरातचं. बसल्या जागी फोन 'गुजरातमध्ये आपले स्वागत आहे' म्हणायचा. म्हणून ज्यांच्याकडे फोन होते ते सगळे सकाळी ते भिंतीवर ओळीने ठेवून कामाला जायचे. ज्याचा वाजेल तो जवळ असेल त्याने उचलायचा आणि निरोप सांगायचा. कोणाला बोलायचं असेल तर कोणताही फोन घेऊन बोलायचं, नंतर सांगायचं. याला कोणी चोरी म्हणत नसे. सुट्टीत घरी आले की माझाही फोन त्या रांगेत असायचा, आणि ब्रोकरचा नंबर मी विसरू नये म्हणून त्याच्या पाठीवर चिकटवलेला.

काकांना शेअरचा कंटाळा आला होता. "नुसता असतो. अंडं देत नाय, काय नाय," असं ते म्हणायचे. त्यांना पावसात भातशेतात चढणारे मासे धरायला जाळं घ्यायचं होतं. कॉलेजच्या गणपतीच्या सुट्टीत एक दिवस मी ओढ्यावर कपडे धूत असताना त्यांनी भिंतीवरून माझा फोन उचलला आणि पाठीवरचा नंबर लावला. संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन त्यांनी सांगितलं, "बाय, तुझ्या फोनवरून मी माझे विकले. गोड बोलली पोरगी." फोनवर विक्रीचा मेसेज आलेलाही होता. मी खातं क्रमांक पाहिला नाही, संख्या पाहिली नाही. काकांना म्हटलं, चांगलं झालं.

शनिवार आला. बाबा हातपाय धुऊन भिंतीजवळ येऊन बसले. मी खातं उघडलं. आकडा शून्य होता.

"हाय?" बाबांनी विचारलं.

मी पुन्हा उघडलं. मग काकांचं खातं उघडून पाहिलं. त्यात दोन्ही शेअर शाबूत होते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. काकांनी फोन केला, नाव सांगितलं, गाव सांगितलं, एक जून सांगितलं, नंबर माझाच होता. पलीकडच्या मुलीच्या संगणकावर जे पहिलं नाव आलं ते वरच्या घरातलं. काका म्हणाले असतील, जेवढे आहेत तेवढे विका. तिथे एकच होता. तिने एक विकला.

मी बाबांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सभेआधी येईल ना परत?"

सभासद ठरवायच्या तारखेला बारा दिवस उरले होते.

मी ब्रोकरला ईमेल लिहिला. आयुष्यातली ती माझी पहिली तक्रार. शाळेत पत्र जसं शिकवलं होतं तसंच लिहिलं: आपण सर्व कुशल असाल अशी आशा आहे, इकडे पाऊसपाणी ठीक आहे. मग वारावरून नाव ठेवण्याची पद्धत, मग गुरुजी, मग एक जून, मग आश्रमशाळेची भिंत. विकलेल्या शेअरपर्यंत पोचायला मला दोन पानं लागली. आमचीही चूक आहे, मी एकच नंबर द्यायला नको होता, हेही प्रामाणिकपणे लिहिलं. पुढे त्यांनी माझ्या दोन पानांतलं तेवढंच एक वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवलं.

तिसऱ्या दिवशी फोन आला. मुलगी फार नम्र होती, हिंदी बोलत होती. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली आहे असं सांगितलं. फोन ठेवताच मेसेज आला, आमच्या सेवेला एक ते पाचपैकी किती तारे द्याल? एवढं गोड बोललेल्या मुलीला चार देणं मला बरं वाटेना. मी पाच दिले. दुसऱ्या दिवशी ईमेल: ग्राहक पूर्ण समाधानी असल्यामुळे आपली तक्रार बंद करण्यात येत आहे.

काकांना हे कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. "घे. कॉलेजात जाऊन काय शिकली? चोराला हार-नारळ द्यायला?"

"चोर नाहीत ते काका. चूक झाली त्यांची."

"मग पाच कशाला दिले? एक द्यायचा. आपला गेला पण एकच."

मी तक्रार पुन्हा उघडली. या वेळी एक पुरुष अधिकारी बोलला. त्याने सांगितलं की सगळी ओळख पटवूनच विक्री झालेली आहे. तरीही सद्भावना म्हणून विक्रीची रक्कम आणि वर थोडी भर घालून ते द्यायला तयार आहेत. मी फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं.

"पैसे कशाचे?" बाबा म्हणाले. "मी विकलाच नाय."

"ते म्हणतात त्या पैशांतून आपण पुन्हा घेऊ शकतो."

"मग त्यांनीच घेऊन ठेवावा जागेवर. दुसऱ्याची कोंबडी चुकून विकली तर कोंबडी आणून द्यायला लागते." बाबांनी फोनच्या दिशेने बोट केलं. "सांग त्याला."

मी सांगितलं, पण कोंबडी वगळून.

मधल्या काळात काकांना पश्चात्ताप झाला होता. जाळ्याचा विषय त्यांनी सोडून दिला होता. त्यांच्याही नावाने जाड पुस्तक आलं होतं आणि त्यांचे दोन शेअर जागेवर होते. ते सभेच्या बोलावण्याचा कागद घेऊन बाबांकडे आले. "हे घे. तू जा. नाव तुझंच हाय. कोण ओळखतो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद वाचून काढला. सभासद आपल्या जागी दुसऱ्याला पाठवू शकतो, तशी सोय होती. त्याला प्रॉक्सी म्हणतात. मागच्या बाजूला फॉर्मही होता: 'मी, अमुक, राहणार अमुक, माझ्या वतीने अमुक यांना नेमत आहे.' मी भरून पाहिला. दोन्ही अमुकांच्या जागी एकच नाव, एकच गाव. वाचणाऱ्याला वाटलं असतं, एका माणसाने स्वतःलाच स्वतःचा प्रतिनिधी नेमलं आहे. पण खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: प्रॉक्सीला सभेत बोलता येणार नाही.

"नुसतं बसायचं?" बाबांनी विचारलं.

"हो."

"मग काय उपयोग? बसायला घर हाय." त्यांनी कागद काकांना परत दिला. काकांच्या नावावर जाऊन बोलावं असं त्यांच्या मनात आलं नाही. आलं असेल तर त्यांनी मला दाखवलं नाही.

तारखेला सहा दिवस उरले. मी अधिकाऱ्याला सांगितलं, त्या दिवसाच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग मला पाठवा. मला वाटलं नव्हतं की पाठवतील, पण पाठवलं. मी ते भिंतीजवळ उभी राहून लावलं आणि पाच मिनिटांत अर्धा पाडा जमला. काकांचा आवाज फोनमधून येतो आहे याची सगळ्यांना मजा वाटली. "जन्मतारीख?" मुलगी विचारते. "एक जून," काका म्हणतात. "माझी पण," मागून कोणीतरी म्हणालं, "माझी पण," आणखी कोणी, आणि मला पुन्हा पहिल्यापासून लावावं लागलं.

काका मान डोलावत ऐकत होते. "बरा बोललोय मी," ते म्हणाले. "घाबरलो नाय."

"हा आवाज माझा नाय, हे तर कोणी पण सांगंल," बाबा म्हणाले. पण मुंबईत बसलेल्या माणसाला बाबांचा आवाज कुठे माहीत होता?

मी ते एकटीने पुन्हा ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना शेवटची दहा सेकंदं नीट ऐकू आली. मुलगी विचारते, विक्रीची पावती ईमेलवर पाठवू का, की सहीसाठी टपालाने? काका हसून म्हणतात, "सही नाय येत आपल्याला. आपण अंगठेवाला."

मी भिंतीला टेकून तिथेच बसले. बाबांच्या फॉर्मवर सही होती. ठळक, जराशी वाकडी, पण सही. ज्याने शेअर विकला तो स्वतःच त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये सांगत होता की मी अंगठेवाला आहे, आणि ज्याचा विकला तो सहीवाला होता. दोन्ही फॉर्म त्यांच्याच कपाटात होते.

या वेळचा ईमेल चार ओळींचा झाला. पाऊसपाणी लिहिलं नाही.

संध्याकाळी फोन आला. उद्या सकाळी दोघांना व्हिडिओवर एकत्र दाखवा, म्हणजे प्रकरण मिटेल. सकाळी भिंतीजवळ बाबा आणि काका शेजारी शेजारी उभे राहिले. बाबांनी धुतलेला शर्ट घातला होता. काकांनी त्यांच्याहून पांढरा. पलीकडे एक बाई होत्या, मराठी बोलणाऱ्या, आवाजावरून वयाने मोठ्या.

"तुमचं नाव सांगा."

दोघांनीही एकदम सांगितलं.

"एकेकाने सांगा."

दोघांनी एकेकाने सांगितलं. काही फरक पडला नाही.

"पॅन कार्डं दाखवा."

दोघांनी कार्डं वर धरली. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. ती कार्डं दोघांनी एकाच दिवशी तलासरीला जाऊन काढली होती, आणि फोटोवाल्याकडे एकच काळा कोट होता. दोघांच्याही फोटोत तोच कोट, तोच टाय, तेच घाबरलेले डोळे.

"कार्डं उलटसुलट झालीत का तुमची?" बाईंनी विचारलं.

झाली होती. मी एकाच पिशवीतून काढून दिली होती. दोघांनी आदलाबदल केली.

"काका, मला एक सांगा," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात आता हसू होतं, "तुमच्या गावात तुम्हाला वेगळं कसं ओळखतात?"

"हा वरचा," काका म्हणाले. "मी खालचा. हा शहाणा, मी बरा."

बाबांनी कोऱ्या कागदावर सही करून दाखवली. काका सही करायला पुढे आले नाहीत, त्यांनी अंगठा वर करून दाखवला. बाई म्हणाल्या, झालं.

सभासद ठरवायच्या तारखेच्या आदल्या दिवशी बाबांच्या खात्यात एक शेअर परत आला. नंतर पुन्हा ताऱ्यांचा मेसेज आला. मी बराच विचार करून चार दिले.

सभेला आम्ही तिघं गेलो. दारावर सभासदांची यादी घेऊन एक मुलगा बसला होता. बाबांनी नाव सांगितलं, त्याने खूण केली, बाबांनी सही केली. काकांनी नाव सांगितलं. मुलगा म्हणाला, "यांचं झालं आहे." काका म्हणाले, "त्याचं झालं. माझं राहिलं." मला वाटलं आता सगळं पुन्हा पहिल्यापासून, पण यादीत खालीच दुसरी ओळ होती. शाईचं पॅड नव्हतं. मुलाने बॉलपेनने काकांचा अंगठा रंगवला. मला त्यांनी शेवटच्या रांगेत बसू दिलं.

प्रश्नांची वेळ आली. दोन जणांनी नफ्याबद्दल विचारलं, एकाने नाश्त्याबद्दल. मग बाबा उठले. कोणीतरी त्यांच्या हातात माईक दिला. त्यांनी तो बेडणीसारखा दोन्ही हातांनी धरला.

"मी चिकूच्या वाडीत क्रेट उचलतो," ते म्हणाले. "तुमच्या क्रेटची कड हात कापते. ती गोल करा."

एवढंच. मला वाटत होतं ते आणखी बोलतील, पण त्यांचं म्हणणं तेवढंच होतं. मंचावरचे मोठे साहेब गुजराती मिसळलेल्या हिंदीत उत्तरले. त्यांनी थट्टा केली नाही. ते म्हणाले, ती तक्रार आमच्याकडे आली होती, तो साचा आम्ही दोन वर्षांपूर्वीच बदलला. बाहेर नवे क्रेट मांडले आहेत, जाताना बघून घ्या. तुमच्याकडे जुना माल असेल.

बाहेर टेबलांवर रंगीत क्रेट मांडलेले होते. बाबांनी एक उचलला. फटीत बोटं घातली, काढली, पुन्हा घातली. कड गोल होती. त्यांनी काकांना क्रेटमध्ये दोन जाड अहवाल ठेवायला सांगितले, मग टेबलावरचे आणखी चार, आणि पुन्हा उचलून पाहिला.

आम्ही परतीच्या रिक्षात बसलो.

"आता कोणाशी भांडशील?" काकांनी विचारलं. "कंपनी तर चांगली निघाली."

बाबा बोटांवरची रेघ अंगठ्याने चोळत राहिले. मला त्यांची अडचण कळत होती. कंपनीला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, तिला सांगणं सोपं होतं. जुने क्रेट मात्र वाडीच्या शेठचे, आणि शेठ रोज समोर असायचे. वीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्टेलला जायला निघाले आणि बाबांबरोबर वाडीपर्यंत गेले. शेठ झाडाखाली खुर्ची टाकून बसले होते. बाबा नेहमी नमस्कार करून थेट आत जायचे. त्या दिवशी थांबले.

"शेठ, काल आमच्या कंपनीची सभा होती."

"कुठली कंपनी?"

बाबांनी क्रेटच्या थप्पीकडे बोट केलं. "आमची. एक शेअर हाय माझा. आम्ही कड बदलली हाय. हे जुने. हे हात कापतात. हे काढायला लागतील."

शेठ आधी बाबांकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मी मान हलवली. ते उठले, चिकूंनी भरलेला एक क्रेट दोन्ही हातांनी उचलला, पाच-सहा पावलं चालले आणि खाली ठेवला. मग आपली बोटं उलटीपालटी करून पाहू लागले.

"तू कधी बोलला नाहीस," ते म्हणाले.

"तेव्हा शेअर नव्हता," बाबा म्हणाले.

शेठने नवे क्रेट आणले, पण सगळे नाही, वीसच. बाकीचे पुढच्या वर्षी बघू म्हणाले. बाबांबरोबर काम करणारी माणसं सकाळी त्या वीस क्रेटसाठी ओढाताण करायची. बाबा मात्र जुनेच उचलायचे. मी रागावून कारण विचारलं तर म्हणाले, "आपण मालक. आपण आधी घेतले तर बरं दिसतं का?"